चिन्ह आणि त्याचा वाचक : झाशीतील मराठी समूहाच्या दृश्य खुणा

झाशीच्या राणीचे चित्र डोळ्यांपुढे आणावयास सांगितले, तर भारतातील कोणत्याही प्रांताचा सुशिक्षित मनुष्य अडखळत नाही. मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा, उगारलेली तलवार, पाठीशी शेल्याने बांधलेले लहान मूल आणि कासोटा घातलेले लुगडे एवढे त्याला तत्काळ दिसते. चित्र जवळून रेखाटलेले असेल, तर नाकात मोत्यांची नथ आणि कपाळी कुंकवाची चंद्रकोरही पुष्कळदा असते. शाळेच्या स्नेहसंमेलनात जी मुलगी राणी होते, तिची आई दुसरे काही विसरेल. नथ विसरत नाही.

या चित्राशेजारी एका प्रत्यक्षदर्शी मराठी माणसाचे वर्णन ठेवून पाहण्यासारखे आहे. पेणजवळील वरसई गावचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेले आणि १८५७-५८ च्या धामधुमीत झाशीत राहिले. त्यांनी उतारवयात लिहिलेली हकीकत चिंतामण विनायक वैद्य यांनी संस्कार करून १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली; मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली दत्तो वामन पोतदार यांची आवृत्ती १९६६ साली निघाली. गोडसे यांनी पाहिलेली राणी कधी पुरुषी पोशाखात दरबारात येते : पायजमा, अंगात बंडी, डोक्यास टोपी व तीवर बांधलेले वस्त्र, कमरेस तलवार. कधी ती स्त्रीवेषात येते. तेव्हा लुगडे पांढरे, चोळी पांढरी, केसांचा साधा बुचडा, आणि अंगावर मोजके दागिने. पती गेल्यानंतर बाईंनी नथ घातली नाही, हे गोडसे आवर्जून नोंदवितात. जॉन लँग हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला वकील १८५४ साली राणीच्या बोलावण्यावरून झाशीस आला होता. पडदा क्षणभर बाजूला सरला तेव्हा त्याला जे दिसले, ते त्याने १८५९ साली छापलेल्या आपल्या प्रवासग्रंथात लिहून ठेवले आहे. त्यातही तलम पांढरे वस्त्रच आहे, आणि कानांतील भूषणे सोडल्यास सोने नाही. एक कोकणातला भिक्षुक, दुसरा परदेशी वकील. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि दोघांची साक्ष जुळते.

गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी निवर्तले. राणीचे सारे राजकीय चरित्र त्यानंतरच्या साडेचार वर्षांत घडले. म्हणजे ज्या काळातील राणी चित्रकार रेखाटतो, त्या काळात ती विधवा होती. आणि तिच्या कपाळी व नाकात तो ज्या खुणा घालतो, त्या त्या काळच्या ब्राह्मण विधवेला सर्वस्वी वर्ज्य होत्या. ही विसंगती चित्रकाराच्या अज्ञानातून आली, असे म्हणून विषय संपविता येईल. परंतु अज्ञान इतके एकमुखी आणि इतके दीर्घायुषी सहसा नसते. समूहाची ओळख सांगणाऱ्या दृश्य चिन्हांचे कार्य कसे चालते, याचे उत्तर त्या विसंगतीत दडलेले आहे. तेच येथे झाशीच्या आधारे उलगडून पाहावयाचे आहे.

१

वस्त्र हे एकाच वेळी वस्तूही असते आणि चिन्हही असते, हा विचार प्रागच्या भाषाभ्यास मंडळातील प्योत्र बोगातिरेव्ह यांनी १९३७ साली मोराव्हियातील स्लोव्हाक लोकवेषाच्या अभ्यासात मांडला. अंगरखा थंडी निवारतो तेव्हा तो वस्तू असतो. घालणारा कोणत्या गावचा, कोणत्या पंथाचा, विवाहित की अविवाहित हे तो सांगतो, तेव्हा तो चिन्ह असतो. एकाच वस्त्राची अशी अनेक कार्ये असतात आणि प्रसंगपरत्वे त्यांतले एखादे वर येते, इतर मागे सरतात. फ्रेड्रिक बार्थ यांनी १९६९ साली संपादिलेल्या निबंधसंग्रहाच्या प्रस्तावनेत जनसमूहांविषयी पूरक विचार मांडला. समूहाचे वेगळेपण त्याच्याजवळच्या सांस्कृतिक सामग्रीने ठरत नाही. समूह आणि त्याचा शेजारी यांच्यातील सीमारेषेने ते ठरते. सामग्रीतील कोणत्या गोष्टींना खूण मानावयाचे, हे त्या सीमेच्या दोहों बाजूंची माणसे ठरवितात.

हे दोन विचार एकत्र केले म्हणजे एक साधी, पण पुष्कळदा दुर्लक्षिली जाणारी गोष्ट स्पष्ट होते. चिन्हाला धारण करणारा जसा लागतो, तसा वाचणाराही लागतो. पुण्याच्या सदाशिव पेठेत नऊवारी लुगडे ‘मराठी’ असे काही सांगत नव्हते. तेथे ते सोवळे की ओवळे, काठ रेशमी की सुती, नेसण ब्राह्मणी की मराठा, एवढेच सांगे. तेच लुगडे यमुनेच्या बाजूला गेले की ‘दक्षिणी’ हा एकच शब्द उच्चारते. लुगडे तेच, वाचक बदलला. म्हणून समूहाच्या दृश्य चिन्हांचा अभ्यास करावयाचा तर तो समूहाच्या मायभूमीत करण्यापेक्षा तिच्या बाहेर करणे अधिक फलदायी ठरते. झाशीसारखे स्थळ त्यासाठी उत्तम आहे, कारण तेथे मराठी मनुष्य सत्ताधीश म्हणून गेला, पुढे सत्ताहीन झाला आणि तरीही राहिला.

२

झाशीचा किल्ला मराठ्यांचा नव्हे. ओरछाच्या वीरसिंहदेव बुंदेल्याने तो १६१३ साली बांधविला. महंमदखान बंगशाच्या स्वारीत १७२९ साली बाजीरावाने छत्रसालास साह्य केले आणि त्याच्या मोबदल्यात बुंदेलखंडातील मुलूख पेशव्यांकडे आला. १७४२ च्या सुमारास नारो शंकर यास झाशीच्या सुभ्यावर नेमण्यात आले. त्याने किल्ला वाढविला. त्या वाढविलेल्या भागास शंकरगढ असे नाव पडले. पुढे रघुनाथ हरी नेवाळकर यांच्याकडे सुभेदारी आली आणि ती त्या घराण्यात स्थिरावली. नेवाळकर हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील लांजे भागातल्या कोट गावचे कऱ्हाडे ब्राह्मण. मध्ये खानदेशातील पारोळ्याशीही त्यांचा संबंध आला. १७९६ पर्यंत झाशीचा कारभार पाहणाऱ्या रघुनाथ हरींच्या काळातच राणीमहाल म्हणून आज ओळखला जाणारा वाडा आणि महालक्ष्मीचे मंदिर ही उभी राहिली.

या महालक्ष्मीकडे खूण म्हणून पाहिले पाहिजे. कऱ्हाड्यांतील पुष्कळ घराण्यांप्रमाणे नेवाळकरांचेही महालक्ष्मी हे कुलदैवत. कोकण सोडून शेकडो कोस दूर आलेल्या कुटुंबाने नव्या मुलखात तळ्याकाठी आपल्या कुलदेवतेचे देऊळ बांधावे, ही गोष्ट केवळ भक्तीची नाही. ज्या भूमीवर बुंदेल्यांची रामराजाची उपासना आणि ओरछाची उत्तुंग मंदिरे आहेत, तेथे हे देऊळ ‘येथे आता आम्ही आहोत’ असे दगडात सांगते. किल्ल्यातील गणेशमंदिराचेही तेच. पेशवाईत गणपती हे राज्यकर्त्यांचे दैवत झाले होते. त्यामुळे उत्तरेतील एखाद्या किल्ल्यात गणपती दिसला, की तेथे मराठ्यांचा अंमल होऊन गेला हे न सांगता समजे. शहरातील ज्या गणेशमंदिरात १८४२ साली मनकर्णिकेचा गंगाधररावांशी विवाह झाला असे परंपरा सांगते, ते स्थानिक मराठी मंडळींचे सामूहिक केंद्र म्हणून पुढेही टिकून राहिले.

सत्तेच्या काळात या खुणा वरून खाली वाचल्या जात. पगडी, उपरणे, मोडी लिपीतले दप्तर आणि दारापुढची रांगोळी या सर्वांचा एकत्रित अर्थ ‘राज्यकर्त्यांची जात’ असा होता. बुंदेलखंडातील लोक मराठी ब्राह्मणांना ‘दक्षिणी पंडित’ म्हणत. त्या शब्दात आदर होता, तसेच अंतरही होते. उलट बाजूने, गोविंद बल्लाळ खेर हा मराठी सरदार त्या मुलखात इतका रुजला की ‘गोविंदपंत बुंदेले’ या नावानेच इतिहासात ओळखला जातो. नावाची खूण अशी सीमा ओलांडते. कपाळावरची आणि अंगावरची खूण मात्र सहसा ओलांडीत नाही.

खूण धारण करण्याचा अधिकार कोणाला, हाही सत्तेचाच प्रश्न असतो. वृंदावनलाल वर्मा यांच्या ‘झाँसी की रानी’ (१९४६) या हिंदी कादंबरीत गंगाधररावांच्या राज्यात जानव्यावरून उठलेल्या वादाचे प्रकरण आहे. ब्राह्मणेतरांनी जानवे घालावे की नाही, हा वाद धर्मशास्त्राचा म्हणून सुरू होतो आणि राजाज्ञेपर्यंत पोहोचतो. सुताचा एक दोरा. पण तो कोणाच्या खांद्यावर आहे हे ठरविणे म्हणजे समाजाची रचना ठरविणे होते.

३

स्त्रियांच्या खुणांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण परप्रांतात समूहाची ओळख जपण्याचा भार बहुधा त्यांच्यावरच पडतो. उत्तरेतील सुवासिनी भांगात सिंदूर भरते. मराठी सुवासिनी कपाळावर कुंकू लावते. तिकडे पायांतील बिछिया महत्त्वाच्या. इकडे जोडव्यांच्या जोडीला काळ्या मण्यांचे मंगळसूत्र. तिकडे नाकात मोठी वर्तुळाकार नथ किंवा लौंग. इकडे मोत्यांच्या गुंफणीची वक्र नथ. अर्थ दोहींकडे एकच, सौभाग्य. पण अर्थ सांगण्याची लिपी वेगळी. यामुळे या चिन्हांना दुहेरी कार्य येते. स्वसमूहात ती ‘हिचा पती जिवंत आहे’ असे सांगतात. परसमूहाला ती ‘ही मराठी आहे’ असे सांगतात. पहिल्या अर्थाला दुसरा अर्थ चिकटलेला असतो.

कासोट्याविषयी येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. दोन पायांमधून वस्त्र घेऊन मागे खोचण्याची पद्धत केवळ महाराष्ट्राची नाही. मध्य भारतातील आणि दक्षिणेतील अनेक श्रमिक समाजांतील स्त्रिया तसेच नेसत आल्या आहेत. मग बुंदेलखंडात कासोटा ‘मराठी’ कसा ठरला? शेतात काम करणाऱ्या स्त्रीचा कासोटा तेथे कोणी खूण म्हणून वाचत नव्हते. ती कामाची सोय होती. उच्चवर्णीय, वाड्यात राहणारी, रेशमी काठांची स्त्री जेव्हा तसे नेसते, तेव्हा उत्तरेतल्या नजरेला ते अनपेक्षित वाटते आणि तेथेच त्याची खूण होते. बार्थ यांच्या विवेचनाचे हे चांगले उदाहरण होय. सामग्री समान असली तरी सीमारेषा कोठे आखली जाते, यावर तिचा अर्थ ठरतो.

गोडसे यांनी राणीच्या वाड्यातील चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचेही वर्णन केले आहे. गौर मांडावी, गावच्या स्त्रियांना बोलवावे, हळदकुंकू लावून ओटी भरावी, हा शुद्ध मराठी समारंभ. जी राणी स्वतः कुंकू लावू शकत नाही, ती शेकडो स्त्रियांच्या कपाळी कुंकू लावण्याच्या समारंभाची यजमानीण होते. सौभाग्यचिन्ह या नात्याने कुंकू तिला वर्ज्य आहे. समूहाचे आणि राज्याचे चिन्ह या नात्याने ते वाटणे हे तिचे कर्तव्य आहे. एकाच द्रव्याचे दोन अर्थ येथे एकमेकांपासून वेगळे झालेले दिसतात.

वर्मा यांच्या कादंबरीतही हळदीकुंकवाचा प्रसंग आहे आणि त्यात स्त्रियांनी आडवळणाने पतीचे नाव घेण्याची गंमत आहे. मराठी वाचकास हा उखाणा ओळखीचा वाटतो. हिंदी वाचकाला मात्र लेखक तो दक्षिणी राणीची नवी रीत म्हणून दाखवितो, आणि त्याच समारंभात कोरी समाजातील झलकारी राणीसमोर येते. मराठी खूण स्थानिक समाजाला दूर ठेवण्यासाठी नव्हे, तर जवळ आणण्यासाठी वापरता येते, हे कादंबरीकाराला दाखवावयाचे आहे. तो इतिहास कितपत आणि त्याची इच्छा कितपत, हा प्रश्न वेगळा. परंतु खुणेचे कार्य कसे पालटू शकते हे त्याने अचूक हेरले आहे.

४

चिन्ह तेच राहून अर्थ उलटा होण्याचे झाशीतील सर्वांत ठळक उदाहरण वस्त्राचे नव्हे, निशाणाचे आहे. १८३२ साली गव्हर्नर जनरल विल्यम बेंटिंक याने रामचंद्ररावास राजा ही पदवी दिली. बेंटिंककडून झाशीच्या घराण्याला एक रेशमी युनियन जॅकही मिळाला होता. निष्ठेचे बक्षीस म्हणून तो आपल्यापुढे मिरविण्याची परवानगी होती. झाशीच्या रस्त्यांवर तो फडकत जाई, तेव्हा त्याचा अर्थ ‘हा राजा इंग्रजांचा विश्वासू मित्र आहे’ असा असे. एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोझ याच्या फौजेने वाडा घेतला, तेव्हा शिपायांना तेच निशाण आत सापडले. ते वाड्यावर चढविण्याची परवानगी त्यांनी मागितली आणि रोझ याने ती दिली. त्याच्याच अहवालात ही हकीकत आहे. जे कापड मैत्रीची खूण म्हणून देण्यात आले होते, तेच पराभवाची खूण म्हणून त्याच घरावर चढले. त्याचा एक धागाही बदलला नव्हता.

गंगाधररावांविषयी गोडसे यांनी दिलेली एक ऐकीव गोष्ट याच्याशी जोडून वाचण्यासारखी आहे. नाटकाचे वेड असलेला हा राजा कधीकधी स्त्रीवेष करी, बांगड्या भरी. इंग्रज अधिकाऱ्याने कारण विचारले असता, इंग्रजांच्या अमलाखाली सर्वच राजांनी बांगड्या भरल्या आहेत, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले म्हणतात. गोष्ट खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्या समाजाला चिन्हांची भाषा किती चांगली अवगत होती, हे तीवरून दिसते. सौभाग्याची खूण येथे राजकीय उपहास झाली आहे.

या पार्श्वभूमीवर राणीच्या वेषाकडे पुन्हा पाहिले म्हणजे त्यातील निवड ध्यानात येते. ब्राह्मण विधवेला रूढीने दिलेला मार्ग केशवपनाचा आणि आलवणाचा होता. राणीने केस राखले. त्यासाठी ती नित्य प्रायश्चित्त करीत असे, असे गोडसे सांगतात. म्हणजे रूढी तिने मोडलीही नाही आणि पूर्णपणे पाळलीही नाही. पांढरे लुगडे तिने स्वीकारले, नथ टाकली. पण दरबारात बसताना पायजमा, बंडी आणि तलवार घेतली. हा पोशाख मराठी ब्राह्मण स्त्रीचा नव्हे, तसाच विशेष मराठीही नव्हे. उत्तर हिंदुस्थानातील कोणत्याही सरदाराचा तो असू शकला असता. तिच्या फौजेत बुंदेले होते, अफगाण होते, मराठे होते. या सर्वांना एकाच वेळी वाचता येईल असे चिन्ह ‘दक्षिणी’ असून चालणार नव्हते. जिला समूहाची राणी राहावयाचे नसून राज्याची राणी व्हावयाचे होते, तिने समूहाच्या खुणा बाजूला ठेवल्या, असा या वर्णनाचा अर्थ लावता येतो.

शेवटी तर सर्वच खुणा गळून पडल्या. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा की सराई येथे ती पडली, तेव्हा तिच्या अंगावर स्वाराचा पोशाख होता, आणि बहुतेक वृत्तांतांनुसार ज्याच्या हातून ती पडली त्या इंग्रज घोडेस्वाराला आपण कोणाला मारले हे माहीत नव्हते.

५

ज्या स्त्रीने खुणा उतरविल्या, तिला पुढच्या शंभर वर्षांच्या साहित्याने आणि चित्रकलेने त्या पुन्हा चढविल्या. हे कसे घडले हे पाहताना भाषाभाषांतील फरक लक्षात घेण्यासारखा आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ साली मराठीत राणीचे चरित्र लिहिले. मराठी वाचकाला ती मराठी आहे हे सांगण्याची आवश्यकता नव्हती. इंग्रजांनी केलेल्या आरोपांपासून तिचा बचाव करणे ही खरी आवश्यकता होती. म्हणून तेथे कागदपत्रांना महत्त्व आहे, वेषाला तितके नाही.

हिंदीत परिस्थिती उलट होती. सुभद्राकुमारी चौहान यांची सर्वपरिचित कविता बुंदेलखंडातील हरबोल्यांच्या तोंडून ऐकलेली कथा म्हणून राणीचे आख्यान सांगते. या कवितेत राणीचे मराठीपण दोन खुणांनी सूचित केले आहे : शिवाजीच्या गाथा तिला मुखोद्गत आहेत आणि महाराष्ट्राची कुलदेवी भवानी तिची आराध्य आहे. आता नेवाळकरांची कुलदेवी महालक्ष्मी, भवानी नव्हे. पण हिंदी वाचकाच्या मनात महाराष्ट्र म्हणजे शिवाजी आणि शिवाजी म्हणजे भवानी, ही साखळी तयार होती. कऱ्हाड्यांची महालक्ष्मी त्याला काही सांगू शकली नसती. कवयित्रीने चूक केली असे म्हणण्यापेक्षा, आपल्या वाचकाला वाचता येईल अशी खूण तिने निवडली, असे म्हणणे अधिक युक्त होईल. एका घराण्याची विशिष्ट खूण गेली आणि तिच्या जागी एका प्रांताची सर्वसाधारण खूण आली.

नथीचे आणि चंद्रकोरीचे हेच झाले. सोहराब मोदी यांचा रंगीत चित्रपट १९५३ साली आला, शतसांवत्सरिक टपाल तिकीट १९५७ साली निघाले, गावोगावी अश्वारूढ पुतळे उभे राहिले. चित्राला आणि पुतळ्याला तळटीप देता येत नाही. ‘ही महाराष्ट्रकन्या आहे’ हे त्याला एका दृष्टिक्षेपात सांगावे लागते. पांढरे लुगडे आणि मोकळे कपाळ एवढ्याने ते सांगता येत नाही. त्यातून फक्त वैधव्य दिसते. मराठीपणाची जी दृश्य चिन्हे अखिल भारतीय नजरेला परिचित आहेत, ती नेमकी सौभाग्याची चिन्हे आहेत. म्हणून ‘मराठी’ हा अर्थ दाखवावयाचा तर ‘सुवासिनी’ हा अर्थ आपोआप आत येतो. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या विसंगतीचे मूळ हे आहे. पाठीवरच्या मुलाचेही तसेच. दामोदरराव १८५८ साली साडेआठ वर्षांचे होते. पुतळ्यात ते पुष्कळदा तान्हे बाळ असतात, कारण मातृत्व दुरून ओळखू येईल एवढे मूल लहान असावे लागते.

याच्या दुसऱ्या टोकाला १९४३ साली सिंगापुरात स्थापन झालेली आझाद हिंद फौजेची ‘झाँसी की रानी’ पलटण आहे. तिच्या नेत्या लक्ष्मी स्वामिनाथन तमिळ-मलयाळी घराण्यातल्या, आणि पलटणीतील पुष्कळशा मुली मलायातील तमिळ कुटुंबांतल्या. त्यांचा पोशाख खाकी गणवेषाचा होता. नथ नव्हती, कासोटा नव्हता. राणीच्या नावाखाली सैनिकी वेष चढविणाऱ्या या मुली गोडसे यांनी पाहिलेल्या राणीशी पुतळ्यांपेक्षा अधिक जवळच्या होत्या.

महाश्वेता देवी यांनी ‘झाँसीर रानी’ (१९५६) या बंगाली चरित्रासाठी बुंदेलखंडात हिंडून लोककथा व गीते गोळा केली. बंगालीत लिहिलेल्या या ग्रंथाला मराठी किंवा हिंदी अस्मितेचे ओझे नव्हते. त्यामुळे लोकांच्या स्मरणातील राणीकडे तो मोकळेपणाने पाहू शकला. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला येथे उपयुक्त सूत्र सापडते. एकच व्यक्तिरेखा तीन भाषांत कोणत्या खुणांनी वेगळी दिसते, याचा शोध घेतला असता त्या खुणा व्यक्तीविषयी थोडे आणि त्या त्या वाचकसमूहाविषयी पुष्कळ सांगतात.

६

राणीच्या प्रतिमेला आणखी एक वारस मिळाला. झलकारीबाई ही कोरी समाजातील स्त्री. ती दिसण्यात राणीसारखी होती आणि वेढ्याच्या वेळी राणीचा वेष करून इंग्रजांसमोर गेली, अशी परंपरा आहे. वर्मा यांच्या कादंबरीने ती परंपरा दूरवर पोहोचविली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर प्रदेशातील दलित समाजाने झलकारीबाईला आपल्या अस्मितेचे प्रतीक मानले. पुस्तिका निघाल्या, पुतळे उभारले गेले, २००१ साली टपाल तिकीट निघाले. बद्री नारायण यांनी या प्रक्रियेचा सविस्तर अभ्यास केला आहे. चिन्हमीमांसेच्या दृष्टीने ही घटना विलक्षण आहे. झलकारीचा पुतळाही घोड्यावर, हाती तलवार घेतलेला असतो. दोन प्रतिमांतील साम्य हा येथे दोष नाही. ते साम्य हाच दाव्याचा गाभा आहे. वेष उतरवून दुसरीच्या अंगावर घालता येतो आणि पाहणाऱ्याला फरक कळत नाही, एवढे सिद्ध झाले की पराक्रम जातीने येत नाही हेही सिद्ध होते. नेवाळकरांच्या काळी खूण माणसांना वेगळे करीत होती. झलकारीच्या आख्यानात तीच खूण वेगळेपण नाकारण्याचे साधन होते.

७

यात झाशीतील मराठी कुटुंबांचे काय झाले? राज्य गेल्यावर काही घराणी ग्वाल्हेर, इंदूरकडे गेली. दामोदरराव इंदुरास राहिले आणि त्यांचे वंशज ‘झांशीवाले’ हे आडनाव लावू लागले. झाशीत ज्यांना दक्षिणी म्हटले जाई, त्यांची ओळख मराठी वस्तीत गेल्यावर झाशी ही झाली. खूण नेहमी समोरच्याला वेगळे वाटेल त्यावर बसते, याचे हे आणखी एक प्रमाण. शहर व किल्ला १८६१ ते १८८६ या काळात शिंद्यांकडे होते, नंतर ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात ते इंग्रजांकडे परत गेले. जी कुटुंबे मागे राहिली, त्यांच्या खुणा हळूहळू रस्त्यावरून घरात गेल्या. पगडी गेली, मोडी गेली, नऊवारी केवळ मंगल प्रसंगापुरती उरली. पाडव्याची गुढी, भाद्रपदातला गणपती आणि गौरी, संक्रांतीचे हळदीकुंकू, देवघरातला कुलदेवतेचा टाक ही चिन्हे टिकली, कारण ती वाचणारे घरातच होते.

रस्त्यावर मात्र याच सुमारास मराठी खुणांचा सुकाळ झाला. त्या पुतळ्याच्या अंगावर आल्या. २०२१ साली रेल्वे स्थानकालाही वीरांगना लक्ष्मीबाईचे नाव मिळाले. नावाच्या लेखनातही हा पालट दिसतो. मराठी मनुष्य ‘झाशी’ किंवा जुन्या वळणाने ‘झांशी’ लिहितो, हिंदी मनुष्य चंद्रबिंदू देऊन ‘झाँसी’ लिहितो. लिपी एक, गाव एक. एका टिंबावरून आणि एका अक्षरावरून लिहिणारा कोठला ते कळते. राणी सर्वांची झाली ही अभिमानास्पद गोष्ट होय. पण तिच्या कासोट्याचा आणि नथीचा अर्थ जेव्हा ‘भारताची वीरांगना’ असा झाला, तेव्हा ‘मराठी’ हा त्याचा पहिला अर्थ तेथील सर्वसामान्य नजरेला दिसेनासा झाला. पुतळ्याखालून रोज जाणाऱ्याला, याच गावात त्या राणीची भाषा घरात बोलणारी माणसे आहेत, हे ठाऊक असेलच असे नाही. समूहाची खूण राष्ट्राने स्वीकारली म्हणजे समूहाचा गौरव होतो आणि त्याच वेळी त्याच्याजवळची एक खूण कमी होते. हा हिशेब गौरवाच्या भाषणांत मांडला जात नाही.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला यातून एक व्यावहारिक दक्षता घेता येईल. चरित्रात, कादंबरीत किंवा काव्यात वेषाचे वर्णन आले, तर ते ऐतिहासिक माहिती म्हणून उचलण्यापूर्वी ते कोणाला उद्देशून लिहिले आहे हे विचारावे. गोडसे यांनी नथ नसल्याचे लिहिले, कारण त्यांचा संभाव्य वाचक मराठी ब्राह्मण होता आणि त्याच्या दृष्टीने नथीचे नसणे अर्थपूर्ण होते. चित्रकाराने नथ घातली, कारण त्याच्या प्रेक्षकाला तिचे असणेच तेवढे वाचता येत होते. दोघांनीही आपापल्या वाचकाशी इमान राखले. मात्र राणीने कोणती खूण टाकली आणि कोणती उचलली, तिच्या त्या स्वतःच्या निर्णयाचा माग काढावयाचा असेल, तर पुतळ्याकडून गोडसे यांच्या पांढऱ्या लुगड्याकडेच परत यावे लागते.